ताज्या हवेचा कोनाडा

भोजराज रामटेके सर कमिटीच्या बैठकीत आजवर कधी बोलले नव्हते. त्या दिवशीही ते गप्प बसले असते, तर ज्ञानदीप सभागृहाचं, गुड्डू केटररच्या डाळीचं आणि सरांच्या स्वतःच्या नव्या कोटाचं पुढे जे काही झालं ते टळलं असतं. पण सर नुकतेच नागपूरला मोठ्या इमारतींमधल्या वीजबचतीच्या शिबिराला जाऊन आले होते. तिथून त्यांनी एक प्रमाणपत्र, एक कापडी पिशवी आणि बराचसा आत्मविश्वास आणला होता. पहिल्या दोन वस्तू कपाटात ठेवता आल्या. तिसरीला जागा सापडेना.

बैठकीचा विषय होता सभागृहातली थंडी. गोंदियातलं हे सभागृह म्हणजे कर्मचारी कल्याण मंडळाचा अभिमान. भिंतभर एसी. पण त्यांचा कारभार असा की पहिल्या रांगेतले पाहुणे शाल मागायचे, शेवटच्या रांगेतले रुमाल पिळायचे आणि मधल्या रांगेतले हे दोन्ही पाहून करमणूक करून घ्यायचे. दारं कायम सताड उघडी, त्यामुळे एसी सभागृहापेक्षा समोरचा रस्ताच जास्त मन लावून थंड करत. फाटकापाशी उभे राहणारे रिक्षावाले मे महिन्यातही प्रसन्न दिसत.

अध्यक्ष लखनलाल पटले यांचा उपाय सरळ होता. धानाची चांगली जमीन असलेला माणूस. कुठलीही गोष्ट कमी पडली की आणखी टाकायची, हे त्यांचं शास्त्र.

"और चार एसी लगाव, बात खतम," ते म्हणाले.

तेव्हा सर उभे राहिले. "पटलेजी, आजार गरमीचा नाही. आजार शिळ्या हवेचा आहे. दारं बंद केली की माणसांच्या श्वासानं हवा शिळी होते, म्हणून लोक दारं उघडतात, म्हणून थंडी बाहेर जाते, म्हणून तुम्ही एसी वाढवता. आत्ताच पाहा, तुम्ही सगळे जांभया देऊन राहिले. त्याचं कारण कार्बन डायऑक्साइड."

"त्याचं कारण तुमचं भाषण आहे, सर," लखनलाल म्हणाले.

तरी ठराव पास झाला. जेवणाची वेळ झाली होती आणि ठराव पास केल्याशिवाय सर खाली बसतील असं दिसत नव्हतं. छत पांढरं करायचं, फटी बुजवायच्या, दारं आपोआप मिटतील अशी करायची, निम्मे एसी बंद ठेवायचे आणि गर्दी वाढेल तशी बाहेरची ताजी हवा आत घेणारा एक मोठा पंखा बसवायचा. जबाबदारी अर्थातच सरांची.

घरी ही बातमी अल्काबाईंनी भाकरी थापता थापता ऐकली. त्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतात आणि नवऱ्याला चौथीच्या वर्गातल्या हुशार पण वाह्यात मुलासारखं वागवतात.

"मे महिन्यात आपल्या समीक्षाचं लग्न त्याच सभागृहात आहे, हे आठवते काय जी?"

"म्हणूनच तर."

"लग्न होऊ द्या. मंग पाडा काय पाडायचं ते."

सरांचं म्हणणं वेगळं होतं. होणाऱ्या व्याहीणबाई, सौंदडच्या रुक्माबाई गजभिये, साक्षगंधालाच बजावून गेल्या होत्या, "मले थो एसी सहन होत नाही. माह्ये सांधे धरतेत. आन पंखा लावला तं डोस्कं दुखते. बाकी तुमच्या मनानं करा." अशा माणसाला सुखी करू शकेल अशी हवा जगात फक्त शास्त्रच तयार करू शकतं, असं सरांना मनापासून वाटत होतं. जावई संघदीप नागपूरला बँकेत होता, स्वभावानं गरीब. त्याच्या आईसमोर आपण कोण आहोत हे दाखवायची सरांना एवढी एकच संधी होती.

शेजाऱ्यांना बातमी कळली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचा गुड्डू हा केटरर. लग्नाचं जेवण त्याच्याकडेच होतं. तो कुंपणावरून वाकून कळकळीनं म्हणाला, "सर, आप पढ़े-लिखे हो, पर शादी का मामला अलग है. शादी में लोग आराम के लिए नहीं आते, ठंड के लिए आते हैं. दाँत नहीं बजे, तो बोलेंगे लड़कीवालों ने बचत की."

"गुड्डूभाऊ, सव्वीस डिग्रीला माणसाला सगळ्यात बरं वाटते."

"सर, सव्वीस तो मेरी उमर में भी अच्छा था. एसी में सोलह अच्छा है."

सभागृहासमोरच्या इमारतीतल्या दुलारीबाईंची तक्रार मात्र सल्ल्यापुरती थांबली नाही. मंगरू मिस्त्रीनं छताला पांढरा रंग दिला आणि दुसऱ्याच सकाळी उन्हाचा सगळा झोत परतून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरला. दुलारीबाई काळा चष्मा लावून सभागृहात आल्या. पोळी भाजली की करपली ते दिसत नाही, म्हणाल्या. छत तापत नाही हे सिद्ध झालं याचा सरांना इतका आनंद झाला की त्यांनी बाईंचं अभिनंदन केलं. शेवटी कमिटीनं त्यांच्या खिडकीला जाड पडदे घेऊन दिले, आणि ते निवडायला बाईंनी सरांनाच बाजारात हिंडवलं. मोरपंखी रंग संपला होता. सर दुकानातल्या बाकावर कार्बन डायऑक्साइडचा विचार करत बसून राहिले.

खरा घोळ पंख्याच्या जागेवरून झाला. सरांनी उत्तरेची भिंत निवडली होती. तिकडे कडुनिंबाची सावली, मोकळी हवा. पण भिंत रस्त्याच्या बाजूची, म्हणून परवानगी लागणार होती. सर अर्ज घेऊन कार्यालयात गेले. कोणतं कार्यालय ते सांगण्यात अर्थ नाही, कारण सरांनाही ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. या खिडकीवरून त्या खिडकीवर जाता जाता ते एका शांत बाबूंपुढे येऊन उभे राहिले.

"भिंतीले काय करायचं आहे?" बाबूंनी विचारलं.

"भोक पाडायचं आहे. ताज्या हवेसाठी."

"म्हणजे खिडकी."

"खिडकी नाही जी. त्याच्यात पंखा राहील, जाळी राहील."

"मंग चिमणी म्हणा ना."

"चिमणीतून धूर बाहेर जातो. इथून हवा आत येणार आहे."

बाबूंनी पेन खाली ठेवलं. "आत येणारं आपल्या इथं काहीच नाही, सर. सगळं बाहेर जाणारं आहे. धूर आहे, सांडपाणी आहे. आत येणाऱ्यासाठी दार आहे. तुम्ही दार पाडता काय?"

सरांनी हवा कशी खेळती राहते हे समजावून सांगायला सुरुवात केली. बाबूंनी जांभई दिली. सर कारण सांगणार होते, पण मागचा अनुभव आठवून गप्प बसले. अखेर बाबूंनाच दया आली.

"असं करू. कोनाडा लिहू. कोनाड्याले परवानगी लागत नाही. फक्त तो दर्शनी भिंतीत नको, मागच्या भिंतीत घ्या."

"पण कोनाडा आरपार नसतो."

"किती खोल असावा हे नियमात कुठी लिहिलं आहे?"

अशा रीतीनं ताज्या हवेची सोय मागच्या भिंतीतल्या आरपार कोनाड्यातून झाली. सर जागा पाहायला गेले ते जानेवारीत. मागे पत्र्याचं छप्पर होतं, सावली होती, जमीन झाडलेली होती, आणि ऐन मध्यभागी एक मांजर सुखानं झोपलेलं होतं. मांजर नेहमी सगळ्यात चांगली जागा शोधतं, हे सरांना माहीत होतं. थंडीच्या दिवसांत मांजराला कुठली जागा चांगली वाटते, एवढा पुढचा विचार त्यांनी केला नाही. ते झोपलं होतं ती आदल्या दिवशीच्या जेवणावळीची चूल होती.

यंत्र बसवायचं काम लोकेशला मिळालं. लोकेश सरांचाच विद्यार्थी. बारावीत सरांनीच त्याला भौतिकशास्त्रात नापास केलं होतं, आणि आता त्याचं थंडाव्याच्या सामानाचं दुकान होतं, ज्यात सरांच्या पगारात न बसणारी खुर्ची होती. त्यानं भिंतीवर एक पांढरा डबा लावला. हवा शिळी झाली की डब्यावरचा आकडा चढे, आकडा चढला की पंखा जोरात फिरे, हवा ताजी झाली की हळू होई. सरांनी आपला सगळा वर्ग आणून आत बसवला आणि श्वास घ्यायला सांगितलं. आकडा चढला. पंखा फिरला. आकडा उतरला. सरांना तो क्षण इतका गोड वाटला की त्यांनी मुलांना पुन्हा श्वास घ्यायला लावला.

"सर, याची बटनं पेटीत कुलूपबंद करून देऊ काय?" लोकेशनं विचारलं. "आपल्या लोकांच्या हाताले खाज असते."

"जरूर कर," सर म्हणाले. किल्ली लोकेशच्या खिशात गेली.

लग्नाच्या दिवशी गोंदियात ऊन असं होतं की कावळेसुद्धा कामापुरतेच उडत होते. सौंदडची मंडळी बसमधून उतरली तेव्हा वाळवलेल्या मिरच्यांसारखी दिसत होती. सभागृहात शिरली आणि दार त्यांच्यामागे आपोआप मिटलं. आत ना गारठा, ना उकाडा. पहिल्या रांगेत शाल नव्हती, शेवटच्या रांगेत रुमाल नव्हता. रुक्माबाई मधोमध बसल्या आणि त्यांचं डोकं दुखलं नाही, सांधेही धरले नाहीत.

सर नव्या करड्या कोटात दारापाशी उभे होते. कोट अल्काबाईंनी खास शिवून घेतला होता. येणाऱ्या प्रत्येकाला सर हात जोडत आणि क्षणभर थांबत, कोणी हवेबद्दल काही बोलेल म्हणून. कोणी फुलांबद्दल बोललं, कोणी समीक्षाच्या पांढऱ्या साडीबद्दल. शेवटी राहवेना, तेव्हा त्यांनी व्याह्यांच्या एका भावालाच विचारलं, "हवा कशी वाटते जी?"

"कोणती हवा?"

"आतली."

त्या गृहस्थानं इकडे तिकडे पाहिलं. "आहे ना," तो म्हणाला.

हवा जाणवत नाही म्हणजे ती उत्तम आहे, असं शिबिरात शिकवलं होतं. पण ते ऐकताना इतकं वाईट वाटेल हे शिकवलं नव्हतं.

मंचावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या लागल्या. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं, सगळे हात जोडून उभे राहिले. सभागृह आता काठोकाठ भरलं होतं. सरांनी डब्याकडे पाहिलं. आकडा चढत होता, पंख्याचा घुमा आवाज वाढत होता. शास्त्र आपलं काम करत होतं.

त्याच वेळी भिंतीपलीकडे गुड्डूनं डाळीच्या फोडणीसाठी कढईभर तापलेल्या तेलात जहाल भिवापुरी मिरच्या सोडल्या.

पहिला ठसका बौद्धाचार्यांना लागला. त्यांनी पाणी मागवलं आणि पुढचं शील सुरू केलं. मग पहिली रांग खोकली, मग दुसरी. मग कोणी मोजत बसण्याच्या स्थितीत राहिलं नाही. आणि डबा? डब्यानं पाहिलं की हवा बिघडली आहे. त्यानं इमानदारीनं पंखा वाढवला. पंख्यानं चुलीवरचा आणखी धूर आत ओढला. लोक आणखी खोकले, आकडा आणखी चढला, पंखा पूर्ण जोरात गेला. असा प्रकार सर वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून शिकवत आले होते. मुलांना तो कधी समजला नव्हता, कारण त्यात मिरची नव्हती.

सर पेटीकडे धावले. पेटीला कुलूप. लोकेश मंचाजवळ मोबाइलवर फोटो काढत होता आणि त्याचे दोन्ही डोळे गळत होते.

"लोकेश, किल्ली."

"सर, गाडीच्या डिक्कीत आहे. आन गाडीची किल्ली..." त्यानं दोन्ही खिसे चाचपले, पण डोळे उघडता येत नसल्यामुळे तो शेजारच्या माणसाचा खिसा चाचपत होता.

सर मागच्या दारानं बाहेर पडले. गुड्डू झारा घेऊन चुलीपाशी उभा होता, तृप्त.

"गुड्डूभाऊ, भट्टी बंद करा. आधी ती बंद करा."

"सर, फोडणी बीच में नहीं छोड़ते. डाल का अपमान होता है."

"आत लोक मरून राहिले."

"खाने के बाद सब ठीक हो जाएँगे." त्यानं दुसरी मूठ उचलली.

वाद घालायला वेळ नव्हता. कोनाडा कढईच्या बरोबर वर होता आणि तिथून येणारा धूर दोरीसारखा पीळ घेत आत जात होता. सरांनी आजूबाजूला पाहिलं. पोतं नाही, फळी नाही. मग भोजराज रामटेके यांनी, वधूपित्यानं, अंगातला नवा कोट काढला, एका उलट्या पातेल्यावर चढून उभे राहिले आणि तो जाळीवर दाबून धरला. जाळी लोकेशनं बसवलेली होती. ती निघाली. कोट एका घासात आत गेला, एक बाही क्षणभर बाहेर हलली, जणू निरोप घेत होती, आणि आतून कापड फाटल्याचा, मग काहीतरी अडकल्याचा आवाज आला. पंखा थांबला.

सर परत आत आले तेव्हा लखनलालनी सगळी दारं उघडून त्यांना खुर्च्या लावल्या होत्या. धूर हळूहळू रस्त्यावर चालला होता. आज रिक्षावाल्यांची पाळी होती. बौद्धाचार्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सगळं सभागृह डोळे पुसत उभं होतं. एकटी समीक्षा ओठ दाबून हसू आवरत होती, आणि तिच्या शेजारी संघदीप ओक्साबोक्शी रडताना दिसत होता.

अल्काबाईंनी नवऱ्याकडे नजर टाकली. शर्टावर तेलाचा पट्टा, कोट नाही.

"कोट कुठी आहे?"

"कोनाड्यात."

पदराच्या टोकानं त्यांनी सरांच्या गालावरची काजळी पुसली आणि त्यांना फोटोसाठी मागच्या रांगेत उभं केलं.

जेवणं झाली. डाळीची सगळ्यांनी तारीफ केली, हे सरांना सगळ्यात जास्त लागलं. आता रुक्माबाई काय म्हणतात या धास्तीनं ते खांबाआड उभे होते, पण त्यांनी शोधून काढलंच. डोळे लाल, नाक लाल.

"व्याहीबुवा, माह्या लग्नात माहा बाप सुदिक रडला नव्हता," त्या म्हणाल्या. "इथं तं आमच्याकडचे लोकं रडून राहिले. तुमच्या मिरचीनं माहं डोस्कं मोकळं झालं. सर्दी होती मले मार्चपासून."

निघायची वेळ झाली तेव्हा समीक्षा वडिलांजवळ आली आणि काही बोलायच्या आत तिचा चेहरा बदलला. सरांनी घाईनं मागे पाहिलं.

"अजून धूर येऊन राहिला काय, बेटा?"

"नाही बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या तेलकट शर्टात तोंड खुपसून रडली. ते रडणं कोणत्याच डब्यावर दिसलं नसतं. सरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचेही डोळे वाहत होते, आणि त्या दिवशी कारण द्यावं लागलं नाही एवढं बरं होतं.

पुढच्या बैठकीत कमिटीनं सरांना बरंच बोलून घेतलं. सरांनी मान खाली घालून ऐकलं आणि मग सुचवलं की पंखा उत्तरेच्या भिंतीत हलवावा. या वेळी कार्यालयात बाबूंनी स्वतःहून चहा मागवला, कारण त्यांचा मेहुणा लग्नाला होता. परवानगी मिळाली, कागदावर त्याला काय म्हटलं ते सरांनी वाचलं नाही. पावसाळ्याआधी काम झालं. आता निम्म्या एसीवर सभागृह छान चालतं. कडुनिंबाखालची हवा आत येते, दारं मिटलेली राहतात, रिक्षावाले नाराज आहेत, आणि आत बसलेल्या एकाही माणसाला हवेबद्दल काही म्हणायचं नसतं. बिल पाहून लखनलालनी मात्र एकदा सरांकडे पाहिलं होतं, बराच वेळ.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते सरांच्या घरी आले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, समीक्षाची चौकशी केली.

"सर, बात ऐसी है," ते अखेर म्हणाले. "आमच्या ओमेश्वरीचं लग्न ठरलं. पुण्याले नोकरी, पोरगाही पुण्याचाच. पोरगी इतकी खूश आहे की घरभर हसत फिरून राहिली. बिदाईच्या टायमालेही हसंन, मले माहीत आहे. आमच्या जातभाईत बरं नाही दिसत. तिची आजी तं आतापासून बोलून राहिली."

"मग?"

"तुमच्या समीक्षाच्या लग्नाचा व्हिडिओ सगळ्या गावानं पाहिला. काय रडले लोकं. अजून नाव काढतेत." लखनलालनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला. "तर मी म्हणत होतो, तो मागचा कोनाडा आपण विटांनी बुजवला ना, तो थोडा वेळ, फक्त बिदाईपुरता, उघडता येईल काय?"

रामटेके सर ताठ बसले. शास्त्राचा इतका अपमान त्यांच्या घरात आजवर कोणी केला नव्हता. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि त्यांनी ती सताड उघडली.

"होईल," ते वळून म्हणाले. "पण मिरची भिवापुरी लागेल."